मोटर यॉटची झिंकं: कधी बदलायची, कशी बदलायची आणि झिजलीच नाहीत तर काय समजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की मुंबई बंदरातल्या बोटी पावसाळ्यासाठी वर यायला लागतात. तळाखाली वाकलं की माझी पहिली नजर जाते ती झिंककडे. मालक, तांडेल आणि नव्याने कामाला लागलेले खलाशी वर्षभर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणासाठी चाळीस फुटी फायबरची बोट धरली आहे: दोन डिझेल इंजिनं, स्टेनलेसचे दोन शाफ्ट, ब्राँझचे पंखे (प्रोपेलर), एक जनरेटर, पुढे बो थ्रस्टर (नाकाशी बोट आडवी सरकवणारा छोटा पंखा). तुमची बोट वेगळी असेल तर आकडे बदलतील, कारणं तीच राहतील.

झिंक म्हणजे काय आणि फायबरच्या बोटीला ते कशाला हवं?

बोटीचा तळ फायबरचा असला तरी त्याखाली धातू बराच असतो. शाफ्ट स्टेनलेसचा, पंखा ब्राँझचा, सुकाणूचा दांडा आणखी कसला तरी. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून केलेला प्रयोग आठवा. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात बुडाले आणि पाण्याबाहेर एकमेकांना जोडलेले असले की तसाच घट तयार होतो. त्यातला एक धातू विरघळत जातो, दुसरा शाबूत राहतो. कोण विरघळणार हे त्यांच्या विद्युत पातळीवर ठरतं. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडशी (मोजणीत संदर्भ म्हणून धरतात तो) तुलना केली तर ब्राँझ साधारण उणे ०.३ व्होल्टच्या आसपास असतं, साधं पोलाद उणे ०.६ च्या आसपास आणि जस्त उणे १.०३ च्या जवळ. ज्याचा आकडा जास्त उणे तो झिजतो.

म्हणून आपण मुद्दाम जस्ताचा ठोकळा या साखळीत जोडतो, त्यालाच झिंक म्हणतात. झिजायचं काम तो करतो, पंखा आणि शाफ्ट वाचतात. पुस्तकातल्या भाषेत जस्त हे धनाग्र म्हणजे ॲनोड, आणि पंखा ऋणाग्र.

याची गल्लत बऱ्याचदा कल्हईशी होते. कल्हई हा नुसता थर आहे. ती उडाली की आतलं पितळ उघडं पडतं आणि उरलेली कल्हई त्याला वाचवू शकत नाही. छपराच्या जस्ताच्या पत्र्यावर मात्र ओरखडा उठला तरी तिथलं लोखंड लगेच गंजत नाही, कारण शेजारचं जस्त स्वतः झिजून त्याला सांभाळतं. बोटीचं झिंक त्या पत्र्यासारखं काम करतं.

ही कल्पना जुनी आहे का?

दोनशे वर्षं जुनी. त्या काळी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत. तो समुद्रात झिजायचा, म्हणून ब्रिटिश नौदलाने हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला उपाय विचारला. १८२४ मध्ये त्याने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. ज्या 'समरांग' जहाजावर हा प्रयोग झाला ते कोचीनला सागवानात बांधलेलं होतं. तांबं वाचलं, पण नवी अडचण उभी राहिली. तांबं विरघळेनासं झालं तसं त्याचं विष पाण्यात उतरणं थांबलं आणि तळावर शिंपलं-शेवाळ माजलं.

आजही हे उपयोगी पडतं. झिंक नवं घातल्यावर पंख्यावर बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) जास्त बसायला लागले म्हणून काही मालक झिंकवर संशय घेतात. झिंक नीट चालतंय, त्याचीच ती खूण आहे. पंखा घासून घ्या, झिंक काढू नका.

बोटीवर झिंक कुठे कुठे असतात?

दर शाफ्टवर दोन अर्ध्या भागांची गोल कॉलर. दोन्ही सुकाणूंवर आरपार बोल्टने बसणाऱ्या चकत्यांची जोडी. मागच्या सपाट भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, चपटी पाटी, आतून वायरने बाकी धातूंना जोडलेली. ट्रिम टॅबवर (बोटीचा तोल सावरणाऱ्या मागच्या पट्ट्या) छोट्या चकत्या. थ्रस्टरच्या पंख्याच्या टोकाला एक, आणि काही बोटींना पंख्याच्या नटावर टोपीसारखं. ही झाली बाहेरची. आत इंजिनच्या हीट एक्स्चेंजरमध्ये (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणारा भाग), ऑइल कूलरमध्ये आणि जनरेटरमध्ये पेन्सिलसारखी झिंकं असतात आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जातात.

एकदा पूर्ण मोजणी करा. प्रत्येकाची जागा, माप आणि बोल्टचा आकार वहीत लिहा. थ्रस्टरचं झिंक राहून गेलं हे बोट पाण्यात उतरल्यावर कळणं फार वाईट, कारण थ्रस्टरचा पाय बहुतेक वेळा ब्राँझचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो आणि जागा अडचणीची असते.

कधी बदलायचं?

निम्मं झिजलं की. संपेपर्यंत थांबायचं नाही. ठोकळा लहान होत गेला की त्याचं पाण्याला लागणारं क्षेत्रफळही घटतं, आणि बोल्टभोवतीचं जस्त गेलं की पकड सुटते.

डोळ्यांनी अंदाज चुकतो. वरचा पांढरा भुसभुशीत थर आकार राखून असतो, आत पोकळ झालेलं असतं. तो थर खरवडा आणि ठोकळा वजनकाट्यावर ठेवा. नवं असताना एक किलोचं होतं आणि आता ५२० ग्रॅम भरतंय, तर ते बदला.

थोडा हिशोब केला तर आयुष्याचा अंदाज बांधता येतो. एक किलो जस्त साधारण ७८० ॲम्पिअर-तास देतं. तुमच्या बोटीचे उघडे धातू मिळून सतत ०.१ ॲम्पिअर ओढत असतील तर दिवसाला २.४ ॲम्पिअर-तास खर्च होतात. म्हणजे एक किलो सव्वातीनशे दिवसांत संपेल, आणि निम्म्यावर बदलायचं म्हटलं तर पाच-साडेपाच महिने. आपलं पाणी बाराही महिने उबदार असल्याने थंड देशातलं 'वर्षातून एकदा' हे वेळापत्रक इथे आंधळेपणाने लावू नका. मी पावसाळ्यानंतर बोट उतरवताना सगळी नवी घालतो आणि जानेवारीत पाणबुड्या पाठवून पाहून घेतो. जानेवारीत निम्मं दिसलं तर तेव्हाच बदलतो.

बदलायची बरोबर रीत कोणती?

झिंक विकत घेणं सोपं आहे, सगळं काम बसवण्यात असतं. झिंक आणि शाफ्ट यांच्यामध्ये धातूला धातू लागला पाहिजे. मध्ये रंगाचा, गंजाचा, शेवाळाचा किंवा ग्रीसचा पातळ थर जरी राहिला तरी ते झिंक म्हणजे शाफ्टला लटकवलेलं नुसतं वजन.

शाफ्टवरची जुनी कॉलर काढा. तिच्या खाली बार्नॅकलच्या चुन्याचे पांढरे गोल डाग आणि रंगाच्या कडा दिसतील. पॉलिश पेपरने ती पट्टी पूर्ण गोलाकार घासा, धातू आरशासारखा चकाकेपर्यंत. कोरड्या फडक्याने पुसा. मग बोटाने नको, नखाने चाचपा. नख कुठे अडखळलं तर तिथे चुना राहिलाय. नव्या कॉलरच्या आतली बाजूही हलकेच घासून घ्या, साच्यातून आलेला काळपट थर तिच्यावर असतो.

आता दोन्ही अर्धे बसवून अ‍ॅलन कीने बोल्ट आळीपाळीने आवळा. आवळून झालं की लाकडी किंवा लहान हातोड्याने कॉलरभोवती ठोकत फिरा. जस्त मऊ असतं, ठोकल्यावर ते शाफ्टवर बसतं आणि बोल्ट पुन्हा अर्धा-पाऊण फेरा फिरतो. पुन्हा ठोका, पुन्हा आवळा. तिसऱ्या वेळी बोल्ट हलेनासा झाला की झालं. हे न करता सोडलेल्या कॉलरी दोन-तीन आठवड्यांत सैल होऊन शाफ्टवर वाजायला लागतात.

मापाचं जपा. अमेरिकी बोटींचे शाफ्ट इंचात असतात. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, आणि बाजारात ४५ मिलिमीटरची कॉलर सहज मिळते. ती हातात घेतल्यावर बसतेय असं वाटतं, पण अर्ध्या मिलिमीटरच्या फटीने पकड जाते. व्हर्नियरने शाफ्ट मोजूनच खरेदी करा.

कॉलर शाफ्टला आधार देणाऱ्या कटलेस बेअरिंगला चिकटवू नका. त्या रबरी बेअरिंगला वंगण म्हणून समुद्राचंच पाणी लागतं. निदान शाफ्टच्या जाडीइतकी मोकळी जागा सोडा.

सुकाणूच्या आणि ट्रान्समच्या झिंकसाठी मध्ये धातूची पट्टी ओतलेली पाहून घ्या. ती असली की आजूबाजूचं जस्त गेलं तरी बोल्टची पकड टिकते.

झिंकवर रंग लावला तर?

झिंक बंद पडतं. तळाला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपलं रोखणारा रंग) मारताना झिंकवर आधी चिकटपट्टी लावा आणि बोट उतरवण्याआधी ती न चुकता काढा. चिकटपट्टीसकट पाण्यात गेलेली झिंकं मी पाहिली आहेत. रंगाऱ्याला कामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. तो संध्याकाळी उरलेला डबा संपवताना 'हे एवढंच राहिलंय' म्हणून प्रेमाने तिथेही ब्रश फिरवतो.

दोन वर्षं झाली, झिंक नव्यासारखं आहे. चांगलंच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. झिंक झिजलं म्हणजे बोट वाचली. झिंक तसंच आहे याचा अर्थ त्याच्या वाट्याचं काम दुसरं कोणीतरी करतंय, आणि तो 'दुसरा' म्हणजे तुमचा पंखा, सुकाणूचा दांडा किंवा थ्रू-हल वाल्व्ह (तळातून आरपार जाणारा पाण्याचा वाल्व्ह).

एका बोटीच्या ट्रान्समवरची पाटी दोन हंगाम जशीच्या तशी होती. मालक खूश होते, यंदाही खर्च वाचला म्हणाले. मी मागच्या लॉकरमध्ये टॉर्च घेऊन आत शिरलो. पाटीच्या बोल्टला येणाऱ्या हिरव्या वायरचं टोक मोरचूद झालेलं होतं, हात लावताच भुगा होऊन गळालं. बाहेर सुकाणूच्या दांड्यावर बोटाचं पेर मावेल असे खड्डे पडले होते. तो दांडा बदलायला झिंकच्या कित्येक पट खर्च आला. त्या पाटीचा पहिल्या वर्षीच संशय घेतला असता तर पन्नास-शंभर रुपयांचं वायरचं टोक बदलून काम भागलं असतं.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक सुई झिंकच्या खरवडलेल्या भागाला, दुसरी ज्या धातूला वाचवायचं आहे त्याला लावा. एक ओहमपेक्षा कमी दाखवायला हवं, आणि चांगली जोडणी शून्याच्या अगदी जवळ दाखवते. जास्त दाखवलं तर वायरची टोकं कापून नवी, टिन केलेली लग बसवा आणि वर ग्रीस किंवा हीट श्रिंक लावा. इथे ग्रीस चालतं, कारण ते जोडणी घट्ट झाल्यावर बाहेरून येतं.

जोडणी ठीक असूनही झिंक झिजत नसेल तर त्यावर रंग आहे का, किंवा गोड्या पाण्यातला कडक पांढरा थर चढला आहे का ते पाहा. तेही नसेल तर ठोकळ्याच्या धातूबद्दलच शंका घ्या. त्याबद्दल खाली खरेदीच्या प्रश्नात लिहिलं आहे.

उलट आमचं झिंक दोन महिन्यांतच संपलं. का?

आधी साधी कारणं पाहा. झिंक लहान होतं का? नवा स्टेनलेसचा जिना किंवा मोठा पंखा जोडला गेला आहे का? शाफ्टवरचा रंग उडून उघडा धातू वाढला आहे का? ही सगळी नसतील तर बोटीत कुठेतरी वीज गळते आहे.

दोन धातूंच्या नैसर्गिक घटात व्होल्टचा अंशच असतो. बॅटरीची वायर बिल्जच्या (बोटीच्या पोटात साचणाऱ्या) पाण्यात सोलली तर मागून १२ किंवा २४ व्होल्ट ढकलतात. एक ॲम्पिअर वर्षभर गळत राहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळतं. म्हणून जे नुकसान एरवी वर्षं घेतं ते इथे काही आठवड्यांत होतं, आणि झिंक ते रोखू शकत नाही, फक्त आधी संपून इशारा देतं.

नेहमीचा गुन्हेगार बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचची जोडणी. ती पाण्यातच बसलेली असते आणि तिला वीज कायम चालू असते. शोधण्यासाठी बोटीवरचं सगळं बंद करा, बॅटरीची पॉझिटिव्ह वायर सोडवा आणि मीटर ॲम्पिअरवर ठेवून बॅटरी आणि वायरच्या मध्ये जोडा. काहीही चालू नसताना प्रवाह दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो ती लाइन धरा. घड्याळ, अलार्म यांचा थोडा प्रवाह धरावा लागतो. आणि मीटर जोडलेलं असताना इंजिनला चुकूनही सेल्फ मारू नका.

बोट पाण्यात असताना वेल्डिंग करून घेतलं असेल तर तेही कारण असू शकतं. अर्थ क्लॅम्प वेल्ड होणाऱ्या तुकड्यावरच, अगदी जवळ लावायला लावा. तो लांब कुठेतरी लावला तर परतीचा प्रवाह शाफ्टमधून आणि पाण्यातून रस्ता काढतो.

जस्त, ॲल्युमिनियम की मॅग्नेशियम?

कायम समुद्रात राहणाऱ्या बोटीला जस्त पुरेसं आहे. मुंबई-मांडवा फेऱ्या करणारी, अलिबागसमोर नांगरलेली किंवा मालवणला असलेली बोट यात आली.

खाडीत आणि नदीच्या मुखात मात्र जस्ताचा भरवसा कमी होतो. पावसाळ्यात गोव्याच्या मांडवीत किंवा आपल्याकडे धरमतरच्या खाडीत गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि पाण्याचा खारटपणा एकदम उतरतो. अशा पाण्यात जस्तावर कडक पांढरा थर चढतो. पुढे दसरा-दिवाळीत पाणी पुन्हा खारट होतं, पण थर तसाच राहतो आणि झिंक झोपलेलंच असतं. ज्यांची बोट पावसाळ्यातही नदीत राहते त्यांना मी ॲल्युमिनियमचे ॲनोड सुचवतो. ते स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम नव्हे. त्यात सुमारे पाच टक्के जस्त आणि अगदी थोडं इंडियम असतं, त्यामुळे त्यावर संरक्षक थर जमत नाही. ते खाऱ्या आणि मचूळ अशा दोन्ही पाण्यांत चालतं.

त्याचे आणखी फायदे आहेत. वजन खूप कमी, आणि एका किलोमागे जस्ताच्या तिप्पट ॲम्पिअर-तास. जस्ताच्या ॲनोडमध्ये मुद्दाम थोडं कॅडमियम मिसळलेलं असतं, यात ते नसतं. आपण ज्या पाण्यातले मासे खातो तिथे हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा मागे बाहेरच्या पायावर) असलेल्या बोटींचे पायच ॲल्युमिनियमचे असतात. तिथे तर ॲल्युमिनियमचाच ॲनोड घ्या, आणि त्या पायाला तांब्याचं अँटिफाउलिंग कधीही लावू नका.

मॅग्नेशियम फक्त गोड्या पाण्यासाठी. तापोळ्याला कोयनेच्या जलाशयात किंवा पवनेच्या धरणात चालणाऱ्या बोटींच्या मोटरला ते योग्य. तीच बोट ट्रेलरवर घालून समुद्रात आणली तर ते झपाट्याने संपतं आणि जाता जाता आजूबाजूचा रंग फुगवून सोलतं.

थोडी जस्ताची, थोडी ॲल्युमिनियमची असं चालेल?

एकमेकांना जोडलेल्या धातूंवर नको. ॲल्युमिनियमचा ॲनोड जस्ताहून थोडा जास्त उणे असतो, त्यामुळे सगळा भार तोच उचलतो. एकदा ठरवा आणि बाहेरची सगळी एकदम बदला.

इंजिनमधल्या पेन्सिल झिंकचं काय?

हीट एक्स्चेंजरमधून समुद्राचं पाणी वेगाने आणि गरम होऊन जातं, म्हणून पेन्सिल बाहेरच्या झिंकपेक्षा लवकर जाते. दर शंभर तासांना काढून पाहा, नव्या बोटीत पहिल्या वेळी पन्नास तासांना. तुमच्या इंजिनला पेन्सिल आहे की नाही आणि किती आहेत हे मॅन्युअलमध्ये बघा. काही इंजिनांना ती नसतेच.

इंजिन थंड होऊ द्या, समुद्राच्या पाण्याचा वाल्व्ह बंद करा, पितळी प्लग पान्याने सोडवा. बाहेर आलेली पेन्सिल राखाडी, खडबडीत दिसेल. हातोडीने हलकं ठोका. भुसभुशीत असेल तर गळून पडेल, उरलेला भाग नव्याशेजारी धरून लांबी पाहा. निम्मी असेल तर नवी घाला.

पेन्सिल अपेक्षेपेक्षा आखूड आली आणि टोक तुटल्यासारखं दिसलं तर तुकडा आत आहे. तो पुढे सरकून नळ्यांच्या तोंडाशी अडकतो आणि मग इंजिन का तापतंय ते कळत नाही. वेळ काढून एक्स्चेंजरचं झाकण उघडा आणि तुकडे काढा. प्लगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिच्यामुळे धातूचा संपर्क तुटू शकतो.

शाफ्टवर झिंक आहे, मग शाफ्टला ब्रश कशाला?

ब्रश म्हणजे फिरत्या शाफ्टला टेकून त्याला बाकी बोटीच्या वायरशी जोडणारा तुकडा. शाफ्टवरची कॉलर शाफ्टला आणि पंख्याला सांभाळते, त्यासाठी ब्रश लागत नाही. पण शाफ्टचा संरक्षणासाठी ट्रान्समच्या पाटीवरही भरवसा असेल तर ब्रश लागतो. फिरत्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा थर असतो, कपलिंग रबरी असतं, त्यामुळे शाफ्ट बाकी बोटीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला असू शकतो. ब्रश लावलाच तर शाफ्टची ती जागा चकाकती ठेवा. काजळी आणि तेल बसलेला ब्रश लावून काही फायदा नाही.

धक्क्यावर शोर पॉवर (किनाऱ्यावरची वीज) लावतो. त्याने फरक पडतो का?

मोठा. मुंबईत बहुतेक बोटी मुरिंगवर (पाण्यातच बोयाला बांधलेल्या) असल्याने हा प्रश्न इथे कमी येतो. दुबईत किंवा आखातात दुसरीकडे मरिनावर काम करणारी आपली मुलं मात्र तो हमखास विचारतात. शोर पॉवरच्या अर्थच्या वायरने तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते. शेजाऱ्याची झिंकं संपली असतील तर तुमची झिंकं त्याचा पंखा वाचवत बसतात. आखातातलं पाणी जास्त खारट आणि गरम, त्यामुळे हा खर्च लवकर होतो.

अर्थची वायर कापणं हा उपाय नाही, त्याने माणूस मरू शकतो. अर्थच्या वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. तो साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा घटाचा प्रवाह अडवतो आणि खरा फॉल्ट आला तर वीज जाऊ देतो. पैसे असतील तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर त्याहून चांगला.

पंखा गुलाबी दिसतोय. काय झालं?

पंख्यातलं जस्त निघून गेलं, तांबं उरलं. मँगनीज ब्राँझ म्हणून विकले जाणारे अनेक पंखे खरं तर पितळाच्या जातीचे असतात, त्यात जस्त बरंच असतं. पात्याच्या कडेला लहान हातोडीने टिचकी द्या. चांगला पंखा देवळातल्या घंटेसारखा घुमतो, खराब झालेला ठक्क वाजतो. गुलाबी झालेला पंखा घासून पिवळा दिसतो, पण गेलेली ताकद परत येत नाही. कड वाकवून पाहणारा कारागीर गाठा आणि झिंकची जोडणी आजच तपासा.

खबरदारी म्हणून जास्तीची झिंकं लावली तर?

फायबरच्या बोटीला सहसा अपाय नाही. लाकडी बोटीला आहे, आणि कोकणात लाकडी बोटी अजून भरपूर आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झिंक झिजतं तेव्हा समोरच्या धातूपाशी क्षार तयार होतो, कॉस्टिक सोड्यासारखा. फायबरला तो काही करत नाही. लाकडाचा बांधा मात्र त्याने विरतो. ब्राँझच्या वाल्व्हभोवती किंवा बोल्टभोवती लाकूड पांढरट, मऊ, काथ्यासारखं तंतुमय झालेलं दिसलं तर ते कुजणं नव्हे, हा क्षाराचा मार आहे. बोल्ट नवाकोरा आणि त्याला धरणारं लाकूड गेलेलं, अशी अवस्था होते. म्हणून लाकडी बोटीवर झिंक मोजकी, फक्त शाफ्ट-सुकाणूला. आतला प्रत्येक वाल्व्ह वायरने जोडायचा मोह टाळा. लाकडी बोटीच्या धातूंची विद्युत पातळी इलेक्ट्रोडने मोजून (रीत शेवटच्या प्रश्नात आहे) उणे ५५० ते ६०० मिलिव्होल्टच्या दरम्यान ठेवतात. फायबरच्या बोटीला उणे ५५० पासून ११०० पर्यंत मोकळीक आहे.

बोट वर न काढता बदलता येईल का?

येईल, पाणबुड्याकडून. फक्त मुंबई बंदरातलं पाणी गढूळ, हातभर अंतरावरचं दिसत नाही. त्याचं बरंचसं काम चाचपडूनच होतं. भांगाच्या दिवसांत, ओढ कमी असताना काम ठरवा, उधाणाला नको. जुनी झिंकं आणि बोल्ट वर आणून द्यायला सांगा, मोजून घ्या. इंजिनच्या चाव्या काम संपेपर्यंत तुमच्या खिशात राहू द्या.

विकत घेताना काय पाहू?

जस्ताच्या ॲनोडसाठी अमेरिकी नौदलाचं एमआयएल १८००१ हे मानक जगभर धरतात. त्यात लोखंडाचं प्रमाण ०.००५ टक्क्यांपेक्षा कमी लागतं. याला कारण आहे. लोखंड थोडं जरी जास्त झालं तरी जस्तावर घट्ट थर चढतो आणि ते काम सोडतं. भंगारातलं जस्त लोखंडी कढईत वितळवून ओतलेले ठोकळे स्वस्त मिळतात, दिसायला तसेच असतात आणि नेमके इथे नापास होतात. विक्रेत्याकडे धातूच्या तपासणीचा दाखला मागा.

खरेदी मे महिन्यातच उरका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळे ट्रॉलर वर असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्यांना एकाच वेळी झिंक, रंग आणि मिस्त्री हवा असतो.

पावसाळाभर वर ठेवलेल्या बोटीचं चांगलं झिंक तसंच ठेवून उतरवू का?

निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर ठेवा, पण उतरवण्याच्या दिवशी पॉलिश पेपरने घासून चमकवा आणि बोल्ट पुन्हा आवळा. हवेत सुकलेल्या झिंकवर थर जमतो. काढलेली जुनी झिंकं भंगारवाल्याला द्या, पाण्यात फेकू नका.

उतरवल्यावर पहिली तपासणी कधी?

आठवड्याने. सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड बोटीच्या बाजूने पाण्यात सोडा, मीटरची दुसरी सुई आत शाफ्टला लावा, आकडा घ्या. मग दुसऱ्या शाफ्टला, सुकाणूंना, ट्रान्समच्या वायरला. दोन शाफ्टच्या आकड्यांत मोठा फरक दिसला तर कमी उणे आकड्याच्या शाफ्टवरची कॉलर सैल आहे असं धरून पाणबुड्या पाठवा. सगळे आकडे तारखेसह इंजिनरूमच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, म्हणजे जानेवारीत तुलना करायला वही शोधावी लागणार नाही.